पहिल्या रहिवाशाची शिळा

(धर्मग्रामाच्या शताब्दी-महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आज सकाळीं महोत्सवाच्या मिस्सेहून बाहेर पडतांना देवळाच्या उजव्या अंगास, चिंचेखालीं ठेविलेल्या त्या काळ्या शिळेकडे आपणांपैकीं प्रत्येकाची दृष्टि गेली असेल. पाथरवटानें तिला चारी बाजूंनीं घडून व घोटून तयार केली आहे. परंतु तिच्या मुखावर अद्यापि एकही अक्षर उमटलेलें नाहीं. आपल्या या गांवांत पहिलें ख्रिस्ती घर ज्यानें मांडिलें त्याचें नांव शताब्दीच्या निमित्तानें शिळेवर कोरावें, असा ठराव वर्षापूर्वीं झाला. ठराव एकमतानें झाला. नांव मात्र एकमतानें ठरेना. ज्यांच्या पणजोबांनीं देवळास जमीन दिली ते म्हणतात, पहिला मान आमच्या घराचा. ज्यांच्या पणजोबांनीं पायाचे दगड डोक्यावरून वाहिले ते म्हणतात, जमीन पडून राहिली असती. घाम गाळिला तो आम्हीं. खालची आळी आणि वरची आळी यांच्यांत या एका गोष्टीवरून इतकें वितुष्ट आलें कीं, मागील ईस्टरला एकमेकांकडे जाणेंयेणेंही कित्येकांनीं सोडिलें.

अशा वेळीं शिळेविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आपल्या दारचें उदाहरण घेतलें तर कोणाचें तरी मन दुखावेल. म्हणून सातां समुद्रांपलीकडील एका शहराची हकीकत सांगावी, असें आम्हीं ठरविलें. दूरच्या घरचा तंटा ऐकतांना मनुष्याची न्यायबुद्धि जागी असते. तिला आज थोडा वेळ जागी ठेवावी, एवढीच आपणांपाशीं विनंती.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिशिगन नांवाच्या अफाट गोड्या सरोवराच्या कांठीं शिकागो हें शहर आहे. आज त्याची गणना जगांतील थोर नगरांत होते. अडीचशें वर्षांपूर्वीं मात्र तेथें वाळूचे दांडे, दलदल आणि उंच गवत होतें, व त्यांतून एक संथ, लहानशी नदी सरोवरास मिळत होती. त्या प्रदेशांत पोटावाटोमी नांवाचे लोक राहत असत. ते मका पिकवीत आणि शिकार करीत. शिकागो हें नांवही परक्यांनीं दिलेलें नव्हे. तेथील मूळ लोकांच्या भाषेंत नदीकांठीं उगवणाऱ्या एका उग्र वासाच्या रानकांद्याचें जें नांव होतें, त्यावरून तें पडलें. त्या जागेचें महत्त्व असें कीं, तेथून थोडी जमीन होड्या खांद्यावर घेऊन ओलांडली म्हणजे मनुष्य सरोवराच्या पाण्यांतून मिसिसिपी नदीच्या पाण्यांत उतरूं शकतो. जेथें दोन जलमार्ग एकमेकांस हात देतात तेथें आज ना उद्यां पेठ वसणारच.

त्या वाटेनें येशूसंघाचे फादर जाक मार्केत आणि त्यांचे सोबती लुई जोलिए हे १६७३ सालीं गेले. पुढें १६७४ च्या डिसेंबरांत फादर मार्केत पुन्हां तेथें आले. ते आजारी होते. बर्फ पडूं लागलें. म्हणून १६७५ च्या मार्चपर्यंतचा हिवाळा त्यांनीं नदीकांठच्या एका खोपटांत काढिला. १६९६ सालीं फादर फ्रांस्वा पिने यांनीं तेथें संरक्षक देवदूताच्या नांवानें मिशन उघडिलें. आपणां कॅथोलिकांस अभिमान वाटावा अशा या गोष्टी आहेत. परंतु फादर मार्केत हिवाळा सरतांच निघाले आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वाटेंतच देवाघरीं गेले. फादर पिने यांचें ठाणेंही कांहीं वर्षांतच बंद पडलें. त्यांच्या मागून व्यापारी आले आणि चामडीं भरून निघून गेले. यांपैकीं कोणी तेथें घर करून राहिला नाहीं.

आपल्या जुन्या महाराष्ट्रांत गांवच्या कुळांत दोन भेद असत. ज्याची जमीन वंशपरंपरा त्याचीच, तो मिरासदार किंवा थळकरी. आणि जो बाहेरून येऊन कांहीं काळ जमीन कसतो, तो उपरी. उपऱ्याला गांवच्या बैठकींत मान कमी. परंतु विचार केला तर प्रत्येक थळकऱ्याचा मूळपुरुष केव्हां तरी उपरीच होता; कोठून तरी आला, चूल मांडली, विहीर खणली आणि राहिला. शिकागोच्या नदीमुखाशीं परक्यांपैकीं प्रथम असा कोण राहिला, हाच आपला प्रश्न आहे.

त्याचें नांव जां बातिस्त प्वांत द्यू साब्ल. फ्रेंच भाषेंत त्याच्या आडनांवाचा अर्थ वाळूचें टोंक. तो आफ्रिकी वंशाचा, वर्णानें काळा, भाषेनें फ्रेंच आणि धर्मानें कॅथोलिक होता. हैटी देशांत तो जन्मला अशी परंपरा सांगतात. परंतु त्याच्या जन्माचा लेखी दाखला कोठेंही मिळालेला नाहीं. कागदोपत्रीं तो प्रथम दिसतो तो १७७९ सालीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत. मिशिलिमॅकिनॅक येथील ब्रिटिश किल्लेदार आरेंट द पेस्टर यानें त्याच्याविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, हा मनुष्य देखणा व सुशिक्षित आहे, परंतु फ्रेंचांच्या पक्षाचा आहे. एवढा संशय पुरे झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत सरोवराच्या दक्षिणेकडील एका ओढ्याजवळ ब्रिटिश शिपायांनीं त्यास पकडिलें आणि किल्ल्यावर नेलें. त्याचे स्नेही पुष्कळ आहेत व ते त्याच्या सद्वर्तनाची ग्वाही देतात, असें त्यास पकडणाऱ्यांच्याच अधिकाऱ्यास कळवावें लागलें. पुढें १७८० पासून १७८४ पर्यंत सेंट क्लेअर नदीकांठच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मळ्याजंगलाचा कारभार त्याजकडे होता. कैदी म्हणून नेलेला मनुष्य कारभारी झाला, यावरून त्याच्या अंगच्या गुणांची कल्पना आपण करावी.

यानंतर तो शिकागो नदीच्या मुखाशीं, उत्तरेच्या कांठावर, घर बांधून राहिला. तेथें तो कसा राहत होता याची साक्ष एका वाटसरूच्या रोजनिशींत आहे. ह्यू हेवर्ड नांवाचा प्रवासी १७९० च्या मे महिन्याच्या १० तारखेस त्याच्या दारीं आला. हेवर्डाच्या मंडळीजवळचा शिधा संपत आला होता. द्यू साब्लनें त्यांस ४१ रत्तल पीठ, २९ रत्तल डुकराचें मांस आणि भाजलेली रोटी दिली, व मोबदला म्हणून १३ वार सुती कापड घेतलें. बंधुजनहो, ही नोंद कोणा चरित्रकाराची नाहीं. एका भुकेल्या प्रवाशाच्या खर्चाच्या वहींतली आहे. शेंकडों कोस गवत आणि पाणी तुडवून आलेल्या मनुष्यास जेथें विकत कां होईना भाकरी मिळते, तेथें गांव वसला असें समजावें.

त्याचा संसारही तसाच भरलेला होता. १८०० सालीं त्यानें आपली मिळकत जां ला लीम नांवाच्या गृहस्थास ६,००० लिव्र घेऊन विकली. त्या खरेदीखतांत घराची लांबी ४० फूट व रुंदी २२ फूट लिहिली आहे. घोड्यानें फिरणारी चक्की, दोन मोठीं कोठारें, भट्टीघर, दुधाची कोठी आणि कोंबड्यांचा खुराडा त्यांत नोंदलेला आहे. ३० गुरें, ३८ डुकरें आणि ४४ कोंबड्या मोजून दिल्या आहेत. आक्रोडाच्या लाकडाचें कांचेच्या दारांचें कपाट, आरसे आणि तसबिरीही आहेत. रानांत आलेला मनुष्य चार दिवसांच्या वस्तीस आला असता तर त्यानें आरसा आणि तसबीर कशासाठीं आणिली असती?

या घरची मालकीण पोटावाटोमी लोकांची कन्या होती. तिचें नांव किटिहावा. ख्रिस्ती नांव कातरीन. तिच्या लोकांच्या रीतीप्रमाणें त्यांचा विवाह आधींच झाला होता. परंतु तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. त्या काळीं शिकागोस देऊळ नव्हतें आणि धर्मगुरूही नव्हता. म्हणून अडीचशें मैलांच्या वर असलेल्या काहोकिया गांवीं जाऊन, १७८८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २७ तारखेस, कॅथोलिक धर्मगुरूपुढें त्यांनीं आपला विवाह लावून घेतला. त्यांस जां आणि सुझान अशीं दोन अपत्यें झालीं. सुझानची कन्या १७९६ सालीं शिकागोस जन्मली. तिचा बाप्तिस्मा १७९९ सालीं दूरच्या सेंट लुईस येथें झाला. देऊळ हांकेच्या अंतरावर असूनही लेकराचा बाप्तिस्मा पाहुण्यांच्या सोयीसाठीं महिना महिना लांबविणाऱ्या आपणांसारख्यांनीं या प्रवासांचा विचार करावा.

मिळकत विकून द्यू साब्ल मिसूरी नदीच्या कांठीं सेंट चार्ल्स गांवीं गेला. तो मुलूख त्या वेळीं स्पेनच्या सत्तेखालीं होता. तेथें नदीवर तर चालविण्याचा परवाना त्यास मिळाला होता. १८१८ च्या ऑगस्ट महिन्याच्या २८ तारखेस तो मरण पावला व त्या गांवच्या कॅथोलिक स्मशानभूमींत पुरला गेला. धर्मग्रामाच्या मृत्यूच्या पुस्तकांत त्याची नोंद आहे. परंतु तींत त्याच्या मातापित्यांचें नांव नाहीं, मूळ ठिकाण नाहीं, आप्तांचा उल्लेख नाहीं. त्याच्या वर्णाचा वाचक एक शब्द तेवढा आहे. कबरेवर दगडही बसला नाहीं.

येथें सहज आठवण होते म्हणून सांगतों. त्यास मातीआड करून पंधरवडाही झाला नव्हता तोंच, १८१८ च्या सप्टेंबरांत, त्याच सेंट चार्ल्स गांवीं मदर फिलिपीन ड्यूशेन येऊन उतरल्या आणि त्यांनीं लांकडी घरांत मुलींची मोफत शाळा काढिली. १९८८ सालीं पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें. मुंबईचें सोफिया कॉलेज १९४० सालीं ज्यांनीं स्थापिलें, त्या सेक्रेड हार्ट संघाच्याच या भगिनी. एकाच लहान गांवांत, एकाच महिन्याच्या अंतरानें, एकाची आठवण मावळली आणि दुसरीची उगवली.

आतां शिकागोनें काय केलें तें ऐकावें. द्यू साब्ल गेल्यावर १८०३ सालीं सरकारनें तेथें डिअरबोर्न नांवाचा किल्ला बांधिला. १८०४ सालीं जॉन किन्झी नांवाचा व्यापारी द्यू साब्लनें बांधिलेल्या घरांत राहावयास आला. किन्झीच्या सुनेनें १८५६ सालीं जुन्या काळच्या आठवणींचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. तें फार वाचलें गेलें, आणि त्यांत अर्थातच किन्झी कुटुंबाची कथा भरपूर होती. द्यू साब्लविषयीं चार ओळी. असें होतां होतां किन्झी हाच शिकागोचा जनक, अशी लोकांची समजूत झाली. ज्यानें घर बांधिलें तो विसरला गेला; जो त्या घरांत मागून आला त्याचें नांव राहिलें. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. किन्झीचे वंशज शहरांत होते, सुशिक्षित होते, लिहिणारे होते. द्यू साब्लच्या बाजूनें बोलणारें तेथें कोणी उरलें नव्हतें. शिवाय तो काळा होता.

१९१३ सालीं तर एक विलक्षण योग जुळून आला. त्या वर्षीं शिकागोच्या एका चौकांत किन्झीच्या घराचें स्मारक म्हणून फलक बसविण्यांत आला. आणि त्याच वर्षीं डेट्रॉइटच्या दप्तरखान्यांत, शंभरांवर वर्षें पडून राहिलेलें तें १८०० सालचें खरेदीखत इतिहाससंशोधकांच्या हातीं आलें. घर, चक्की, भट्टी, गुरें, कोंबड्या यांची जी यादी आम्हीं आतांच सांगितली ती त्यांतलीच. विकणारा द्यू साब्ल. आणि खालीं साक्षीदारांच्या सह्यांत एक सही खुद्द जॉन किन्झीची! धातूचा फलक एक सांगत होता आणि कागद दुसरें सांगत होता. किन्झीनें स्वतःच्या हातानें साक्ष घातली होती कीं, हें घर माझ्या आधीं दुसऱ्याचें होतें.

तरीही सत्य एका दिवसांत रस्त्यावर आलें नाहीं. १९२८ सालीं शिकागोच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीं ॲनी ऑलिव्हर यांच्या पुढारीपणाखालीं द्यू साब्लच्या स्मरणार्थ एक मंडळ स्थापिलें. १९३३ सालीं शहरांत मोठें जागतिक प्रदर्शन भरणार होतें. चालक मंडळी शहराचा आरंभ १८०३ च्या किल्ल्यापासून धरून बसली होती. या मंडळानें अर्जविनंत्या करून, वर्गणी गोळा करून, द्यू साब्लच्या लांकडी घराची प्रतिकृति त्या प्रदर्शनांत उभी करविली. लाखों लोकांनीं तें नांव तेव्हां प्रथमच वाचलें. पुढें १९३६ सालीं एका शाळेस आणि १९६८ सालीं एका संग्रहालयास त्याचें नांव मिळालें. १९६८ च्या ऑक्टोबरांत, मृत्यूनंतर दीडशें वर्षांनीं, सेंट चार्ल्स येथें त्याच्या कबरेच्या मानलेल्या जागीं इलिनॉय संस्थानानें ग्रॅनाइटाची शिळा बसविली. १९७६ सालीं शिकागो येथील घराची जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. १९८७ सालीं त्याच्या नांवाचें टपालाचें तिकीट निघालें. २००९ सालीं त्या जागेजवळ त्याचा अर्धपुतळा उभा राहिला. २०१० सालीं तेथील पुलास आणि २०२१ सालीं सरोवराकांठच्या प्रसिद्ध रस्त्यास त्याचें नांव जोडण्यांत आलें. १९१३ च्या फलकापासून २०२१ पर्यंत १०८ वर्षें होतात. एकदां दगडाधातूवर चुकीचें किंवा अपुरें लिहिलें म्हणजे तें पुसण्यास किती पिढ्या लागतात, याचा हा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट सांगून ही हकीकत संपवितों. २००२ सालीं सेंट चार्ल्स येथील त्या ग्रॅनाइटाच्या शिळेपाशीं संशोधकांनीं नऊ फूट लांब व नऊ फूट रुंद जागा काळजीपूर्वक खणून पाहिली. तेथें प्रेत पुरल्याचें कोणतेंही चिन्ह सांपडलें नाहीं. जुनी स्मशानभूमि मागें हालविण्यांत आली होती. त्या हालवाहालवींत बिनदगडाच्या कबरेची खूण कोण ठेवणार? म्हणजे आज त्या शिळेखालीं द्यू साब्ल नाहीं. परंतु शिळा काढून टाकावी असें कोणास वाटत नाहीं. कारण मृत्यूच्या पुस्तकांतली ती तुटपुंजी नोंद शाबूत आहे, आणि तिच्या आधारावर त्या धर्मग्रामास निश्चित सांगतां येतें कीं, हा आमच्यांत मेला, हा आमचा होता.

कागदाचें असें बळ आपल्या भाषेच्या ख्रिस्ती वाङ्‌मयासही ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ख्रिस्ती घराघरांतून लोकांनीं हातानें नकलून ठेविलेल्या पोथ्यांनीं तें काव्य जिवंत राखिलें. आणि दगडाची मर्यादा पाहावयाची असेल तर वसईच्या किल्ल्यांत जावें. १७३९ सालीं तो मराठ्यांनीं घेतला. आज तेथील देवळांचीं छपरें नाहीत, परंतु फरशींत बसविलेल्या कबरींचे दगड आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज सरदारांचीं नांवें व बिरुदें आहेत. त्या भिंतींचा दगड ज्यांनीं फोडिला आणि चुना ज्यांनीं मळिला त्यांचें नांव त्या फरशीवर शोधूं नये. दगड ज्याच्या खर्चानें घडतो त्याचेंच गुणगान तो करतो, ही जगाची जुनी रीत आहे. देवाच्या अंगणांतल्या दगडाची रीत निराळी असावी.

आतां आपल्या शिळेकडे वळतों. हें भाषण ठरल्यावर आम्ही फादरांची परवानगी घेऊन आपल्या धर्मग्रामाचें बाप्तिस्म्याचें पहिलें पुस्तक उघडून बसलों. त्याचीं पानें पिवळीं पडलीं आहेत आणि कडा वाळवीनें खाल्ल्या आहेत. परंतु पहिली नोंद स्पष्ट वाचतां येते. ती वरच्या आळीच्या घराची नाहीं आणि खालच्या आळीच्या घराचीही नाहीं. ती एका विहिरी खणणाऱ्या मजुराच्या मुलीची आहे. तो बाहेरगांवाहून आला होता, असें नोंदींतच लिहिलें आहे. पतीपत्नी दोघांचींही नांवें आहेत. पुढल्या चार वर्षांत त्यांच्या आणखी दोन लेकरांच्या नोंदी आहेत, आणि त्यानंतर मृत्यूच्या पुस्तकांत त्या मजुराची. देवळामागची विहीर त्यानेंच खणली, हें जमाखर्चाच्या वहींतील मजुरीवरून दिसतें. आज सकाळीं मिस्सेस येतांना आपण ज्या पाण्यानें पाय धुतले तें त्या विहिरीचें.

त्याचा वंश आज गांवांत नाहीं. म्हणून वर्षभर चाललेल्या या वादांत त्याच्या वतीनें एकही शब्द कोणीं उच्चारला नाहीं. शिकागोसही असेंच झालें होतें, हें आपणांस आतां दिसलेंच असेल. ज्याचे नातू सभेंत बसलेले आहेत त्याचा मान कोणी बुडवूं शकत नाहीं. ज्याचें कोणीच उरलेलें नाहीं त्याच्या मानाचे राखणदार आपण सर्वांनीं व्हावें लागतें. शिकागोंत तें काम अर्ज घेऊन दारोदार फिरणाऱ्या स्त्रियांनीं केलें. आपल्याकडे तें करावयास पिवळ्या कागदाचें एक पुस्तक पुरेसें आहे.

आणि त्या नोंदीची शेवटची ओळ वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलों. परक्या मजुराच्या त्या मुलीस बाप्तिस्म्याच्या वेळीं हातावर घेण्यास जे धर्मपिता आणि धर्ममाता उभे राहिले, त्यांपैकीं धर्मपिता वरच्या आळीचा आहे आणि धर्ममाता खालच्या आळीची आहे. ज्यांच्या नांवावर आज आपण भांडतों आहों, ते दोघे शंभर वर्षांपूर्वीं एका उपऱ्याच्या लेकरासाठीं एका मेणबत्तीपाशीं उभे होते. नांवें आम्ही येथें मुद्दाम घेत नाहीं. फादरांनीं पुस्तक आज संध्याकाळपर्यंत पेटीवर उघडें ठेविलें आहे. ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांनीं वाचावें.

शिळेवर काय लिहावें हें ठरविण्याचा अधिकार मंडळाचा आहे. आमच्या तीन सूचना आहेत, त्यांचा विचार व्हावा.

पहिली सूचना अशी कीं, जें पुस्तकांत आहे तेवढेंच लिहावें. ऐकीव गोष्ट कितीही गोड असली तरी ती छिन्नीखालीं जाऊं नये.

दुसरी सूचना अशी कीं, पुरुषाबरोबर त्याच्या पत्नीचेंही नांव पूर्ण लिहावें. द्यू साब्लचा पूल झाला, रस्ता झाला, पुतळा झाला. परंतु जिच्या आप्तांच्या मुलुखांत त्याला घर करतां आलें त्या किटिहावाचें नांव त्या मानानें किती थोड्या लोकांस ठाऊक आहे! चूल एकट्या पुरुषानें मांडली जात नाहीं.

तिसरी सूचना अशी कीं, "पहिला" हा शब्द जपून वापरावा. शिकागोचे विचारवंत लोक आज द्यू साब्लचा उल्लेख करतांना, मूळ रहिवाशांवांचून इतरांपैकीं पहिला कायम रहिवासी, असे मोजून शब्द घालतात. कारण तो आला तेव्हां ती भूमि ओस नव्हती. १८३३ च्या तहानें पोटावाटोमी लोकांकडून ती घेतली गेली व त्यांस मिसिसिपीच्या पलीकडे जावें लागलें. ज्यांची ती भूमि होती तेच तेथून उठले. आपलें गांवही पहिल्या बाप्तिस्म्यापूर्वीं शेंकडों वर्षें नांदत होतें. वेशीबाहेरचे ते झिजलेले वीरगळ त्याची साक्ष देतात. विहीर खणावयास आलेल्या परक्या ख्रिस्ती मजुरास ज्यांनीं ओसरींत राहूं दिलें ते गांवकरी ख्रिस्ती नव्हते. शिळेवर "या गांवांतील पहिलें ख्रिस्ती कुटुंब" असें लिहावें, आणि खालीं एक ओळ, "ज्या गांवानें त्यांस आसरा दिला त्याच्या कृतज्ञ स्मरणार्थ", अशी असावी. आज आपल्या महोत्सवास मांडव घालावयास जे शेजारी पहांटेपासून राबले, त्यांनाही ती ओळ वाचतां येईल.

यहोशवानें यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रांतले बारा दगड काढून रचून ठेविले, तें कशासाठीं हें आपणांस ठाऊक आहे. पुढें मुलांनीं या दगडांचा अर्थ विचारावा आणि बापांनीं तो सांगावा, यासाठीं. आपल्याही शिळेपाशीं उद्यां एखादें लेंकरूं उभें राहून विचारील कीं, हे कोण? त्या वेळीं वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या बापानें एकच उत्तर द्यावें, आणि तें खरें असावें.

पाथरवट सोमवारीं छिन्नी घेऊन येणार आहे. तत्पूर्वीं उद्यां रविवार आहे, आणि उद्यांच्या मिस्सेस दोन्ही आळ्या एकाच वेदीपुढें गुडघे टेकणार आहेत. त्या विहीर खणणाऱ्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या आत्म्यास प्रभु चिरशांति देवो, आणि आपणां सर्वांस त्यांच्या धर्मपित्याचें व धर्ममातेचें मन देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.